रोजंदारी, उक्तं आणि घरचा गडी

नावात सांताक्रूझ आणि पत्ता अंधेरीचा, असा सीप्झचा पहिल्यापासूनचा मामला. 'सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन' हे लांबलचक नाव १९७३ मध्ये अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या एका कुंपणबंद जागेला मिळालं. कुंपणाच्या आत आणलेल्या परदेशी मालावर जकात नाही, पण तयार झालेला माल देशाबाहेर गेला पाहिजे, अशी तिथली अट. इलेक्ट्रॉनिक वस्तू डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या या जागेत काही वर्षांतच एक वेगळाच माल तयार होऊ लागला. त्याला वजन नव्हतं आणि चुंबकीय फितीच्या एखाद्या रिळात तो सगळा मावत असे.

१९८५ मध्ये सिटीबँकेच्या मालक कंपनीने, सिटीकॉर्पने, इथे सिटीकॉर्प ओव्हरसीज सॉफ्टवेअर लिमिटेड, म्हणजे सीओएसएल, ही पूर्ण मालकीची कंपनी काढली. इथे बँक चालवण्याचा प्रश्न नव्हता. जगभरच्या शाखांना लागणारं सॉफ्टवेअर इथल्या इंजिनियरांकडून करून घ्यायचं आणि होईल तो खर्च अधिक वर थोडा नफा एवढे पैसे मूळ कंपनीने द्यायचे, असा हिशेब होता. सीप्झमध्येच टाटा-बरोज ही कंपनी १९७८ पासून परदेशातल्या गिऱ्हाइकांची कामं करत होती. म्हणजे एकाच कुंपणात एकीकडे घरचं काम चाललं होतं आणि दुसरीकडे बाहेरचं.

शेती ठाऊक असलेल्या माणसाला या धंद्यातल्या साऱ्या करारांची नावं आपल्या भाषेत सापडतील. दिवसाच्या हजेरीवर माणसं घेतली की ती रोजंदारी. 'एवढी विहीर खणून द्या आणि एवढे पैसे घ्या' हे उक्तं काम. वर्षाच्या बोलीवर ठेवलेला तो सालगडी. जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे आणि पीक दोघांचं, ती वाट्याची शेती. आणि नांगरापासून मळणीपर्यंत सगळं आपणच केलं, तर ती घरची. सॉफ्टवेअरच्या धंद्यात यांनाच अनुक्रमे टाइम अँड मटेरियल, फिक्स्ड प्राइस, ऑफशोअर डेव्हलपमेंट सेंटर, जॉइंट व्हेंचर आणि कॅप्टिव्ह म्हणतात. गेल्या साठ वर्षांत कंपन्या या पाच पद्धतींमधून पुढे-मागे फिरत राहिल्या आहेत. कोणती पद्धत केव्हा रुजली हे पाहिलं, तर बहुतेक वेळा हुशारीपेक्षा अडचणीनेच ती आणलेली दिसते. कधी परवाना अडला, कधी जकात, कधी टेलिफोनची तार, तर कधी व्हिसा.

या धंद्यातल्या पहिल्या मोठ्या कंत्राटदारांपैकी एक टेक्सासमधला. रॉस पेरो आयबीएमची यंत्रं विकायचे. गिऱ्हाईक लाखो डॉलरचं यंत्र घेतं, पण ते चालवायची अक्कल असलेली माणसं त्याच्याकडे नसतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. १९६२ मध्ये डलासमध्ये एक हजार डॉलर भांडवलावर त्यांनी इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स, म्हणजे ईडीएस, सुरू केली. स्वतःचं यंत्रही नव्हतं. दुसऱ्यांच्या यंत्रांवरचा रात्रीचा मोकळा वेळ विकत घ्यायचा, आपली माणसं बसवायची आणि गिऱ्हाइकाच्या हिशेबाचं सगळं खातं वर्षानुवर्षांच्या कराराने अंगावर घ्यायचं, अशी ही पद्धत. बटाट्याचे वेफर्स विकणारी फ्रिटो-ले ही त्यांच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी एक.

जनरल मोटर्सला हे काम एवढं पसंत पडलं, की १९८४ मध्ये तिने २५० कोटी डॉलर मोजून ईडीएसच विकत घेतली. कंत्राटदार घरचा झाला. पुढे काय झालं ते यथावकाश येईलच.

१९८९ मध्ये कोडॅकने उलटी चाल खेळली. संगणक विभाग बाहेर देणं हे तोवर हात आखडलेल्या कंपन्यांचं लक्षण समजलं जाई. कोडॅक तेव्हा भरभक्कम होती. तरीही तिने आपली डेटा सेंटर्स आयबीएमकडे, दूरसंपर्काचं जाळं डिजिटल इक्विपमेंटकडे आणि वैयक्तिक संगणकांची देखभाल बिझनेसलँडकडे सोपवली. फिल्म बनवणं हा आपला धंदा, संगणक सांभाळणं हा नव्हे, असा त्यामागचा विचार. कोडॅकसारख्या कंपनीने हे केल्यावर इतर बड्या कंपन्यांचीही भीड चेपली. 'आउटसोर्सिंग' हा शब्द व्यवस्थापनाच्या बैठकांमध्ये रुळला तो याच सुमारास.

मुंबईत गोष्ट दुसऱ्याच टोकाने सुरू झाली होती. इथे यंत्रं मोजकी, त्यांच्यावर करायचं काम त्याहून कमी, पण ते जाणणारी माणसं मात्र तयार होत होती. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा टिफ्रॅक संगणक उभा राहिला होता आणि पवईच्या आयआयटीत रशियन मिन्स्क यंत्र आलं होतं. १९६८ मध्ये टाटा सन्सचा एक विभाग म्हणून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची, म्हणजे टीसीएसची, सुरुवात झाली. पहिली कामं अगदी घरगुती होती. टिस्कोसाठी पंचकार्डांची कामं आणि सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधल्या नोंदींचा मेळ घालणं, अशी ती कामं. टाटांच्या वीज कंपनीतून फकीरचंद कोहली १९६९ मध्ये इथे आले आणि या विभागाला त्यांनी धंद्याचं रूप दिलं.

परदेशी काम कशामुळे घ्यावं लागलं? उत्तर सरकारी फाइलीत आहे. संगणक आयात करायचा तर भरमसाट जकात, आणि डॉलर मिळवायचे तर रिझर्व्ह बँकेची परवानगी. १९७२ च्या सॉफ्टवेअर निर्यात योजनेने एक फट ठेवली. यंत्रासाठी लागलेलं परकीय चलन ठरलेल्या मुदतीत सॉफ्टवेअरच्या निर्यातीतून भरून काढण्याची हमी दिली, तर यंत्र आणता येत असे. म्हणजे निर्यात हा मूळ हेतू नव्हता. यंत्र हवं होतं आणि निर्यात ही त्याची किंमत होती. १९७४ च्या सुमारास टीसीएसने अमेरिकेच्या बरोज कंपनीशी संधान बांधलं ते याच हिशेबाने. सुरुवातीच्या कामात गंमत अशी, की हाताशी यंत्र होतं ब्रिटिश आयसीएल कंपनीचं आणि काम होतं बरोजच्या यंत्रांसाठीचं. समोर नसलेल्या यंत्राकरता कार्यक्रम लिहायची ही कसरत पुढे या धंद्याची ओळख ठरली.

त्याच काळात अमेरिकेत एमआयटीत शिकलेले नरेंद्र पटणी एक प्रयोग करून पाहत होते. केंब्रिजमधल्या घरात एका खोलीत ते आणि दुसऱ्या खोलीत पत्नी पूनम. बोलायचं नाही, कामाच्या सूचना फक्त लिहून द्यायच्या, असा तो खेळ होता, असं सांगितलं जातं. हजारो मैलांवरच्या माणसाला केवळ कागदावरून काम समजेल का, हे त्यांना तपासायचं होतं. समजतं, असं दिसल्यावर मजकूर संगणकात भरून देण्याचं काम त्यांनी भारताकडे वळवलं आणि १९७८ मध्ये पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स उभी राहिली. परदेशी गिऱ्हाइकाचं काम दुरून करण्याचा सगळा डोलारा आजही त्या दोन खोल्यांमधल्या प्रश्नावरच उभा आहे. नेमकं काय हवं आहे, हे लिहून कळवता येतं का?

दरम्यान १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे फेराने, परदेशी कंपन्यांना इथल्या उपकंपन्यांमधला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. आयबीएमला ते मान्य झालं नाही. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये तिने भारतातला गाशा गुंडाळला. त्याच वर्षी बरोजने टाटांबरोबर सीप्झमध्ये टाटा-बरोज ही भागीदारी काढली. त्यामुळे टीसीएसची पंचाईत झाली. तोवरचं मुख्य गिऱ्हाईक शेजारच्याच घरात राहायला गेलं. टीसीएसला नवी गिऱ्हाइकं शोधणं भाग पडलं आणि १९७९ मध्ये एस. रामदोराई यांनी न्यूयॉर्कला कचेरी उघडली.

मात्र एक अडचण कायम होती. अमेरिकेतली बहुतेक कामं आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरची आणि ती यंत्रं इथे दुर्मीळ. यंत्र माणसाकडे येत नसेल, तर माणसाने यंत्राकडे जायचं. मुकादमाने ऊसतोडीची टोळी कारखान्यावर पाठवावी तशा कंपन्या प्रोग्रामरांच्या टोळ्या गिऱ्हाइकाच्या कचेरीत पाठवू लागल्या. इंग्रजीत त्याला 'बॉडी शॉपिंग' हे काहीसं बोचरं नाव पडलं. मराठी घरांमध्ये मात्र 'ऑनसाइटला गेलाय' हे शब्द अभिमानाने उच्चारले जाऊ लागले. पैसे तासाच्या हिशेबाने मिळत. माणूस किती तास बसला याचा तक्ता आठवड्याला भरायचा, तो गिऱ्हाइकाने मान्य करायचा आणि त्यावर बिल निघायचं. काम फसलं, तर जोखीम गिऱ्हाइकाची. ही निखळ रोजंदारी होती.

इन्फोसिसचा जन्मही याच रीतीतला आणि तो झाला पुण्यात. पटणींकडे काम करणारे नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी बाहेर पडले. सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजार रुपयांवर जुलै १९८१ मध्ये कंपनी नोंदली गेली. पहिलं गिऱ्हाईक न्यूयॉर्कचं, डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. कंपनीकडे स्वतःचा संगणक नव्हता. संस्थापकांपैकी बरेच जण अमेरिकेत जाऊन गिऱ्हाइकाच्या यंत्रावर काम करत. १९८३ मध्ये कंपनीने मुक्काम बंगळूरला हलवला आणि त्याच वर्षी तिथे डेटा जनरलचं यंत्र आलं. पुण्याच्या वाट्याला या कंपनीची मोठी इमारत पुन्हा यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

रोजंदारीतून सालगडी होण्यासाठी तार हवी होती. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरला आपलं केंद्र काढलं आणि अमेरिकेशी थेट उपग्रहाने बोलण्याची परवानगी सरकारकडून मिळवली. त्यासाठीची अँटेनाची तबकडी बैलगाडीतून नेतानाचं छायाचित्र पुढे या साऱ्या धंद्याचं प्रतीक म्हणून गाजलं. १९८६ च्या सॉफ्टवेअर धोरणाने निर्यातीच्या वाटा थोड्या रुंद केल्या. त्यानंतर सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क ही कल्पना आणली. पुणे, बंगळूर आणि भुवनेश्वर ही त्याची पहिली तीन ठिकाणं. उपग्रहाची जोडणी प्रत्येकाने स्वतः न घेता पार्कने घ्यायची आणि आत बसलेल्या लहान कंपन्यांना वाटून द्यायची, ही त्यातली कळीची सोय. सामायिक विहिरीवरून पाटाने पाणी घ्यावं तशी. फितींची रिळं विमानाने पाठवायचे दिवस संपले. जुलै १९९१ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर डॉलरमध्ये कमावणाऱ्याचं पारडं आणखी जड झालं.

याच सुमारास जनरल इलेक्ट्रिकचे जॅक वेल्श भारतात येऊन गेले होते. त्यांच्या कंपनीत पुढे एक सूत्र प्रसिद्ध झालं. सत्तर टक्के काम बाहेर द्यायचं, त्यातलं सत्तर टक्के परदेशातून करून घ्यायचं आणि त्यातलं सत्तर टक्के भारतातून. गुणाकार केला, तर कंपनीच्या अशा एकूण कामाचा साधारण तिसरा हिस्सा भारतात येतो. अशा गिऱ्हाइकांसाठी इथल्या कंपन्यांनी स्वतंत्र मजले राखून ठेवले. गिऱ्हाइकाची यंत्रं, गिऱ्हाइकाचे नियम, दाराला वेगळं कुलूप, शेजारच्या मजल्यावरच्या सहकाऱ्यालाही आत मज्जाव आणि पगार मात्र इथल्या कंपनीचा. 'ओडीसी' म्हणून ओळखलं जाणारं हे केंद्र म्हणजे सालगड्यांचा अख्खा वाडा.

एकाच मोठ्या वाड्यावर विसंबण्याचा धोकाही लवकरच दिसला. १९९५ मध्ये दरावरून बिनसलं तेव्हा इन्फोसिसने जनरल इलेक्ट्रिकचं काम सोडून दिलं. कंपनीच्या उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा त्या एका गिऱ्हाइकाकडून येत होता. त्यानंतर कोणत्याही एका गिऱ्हाइकाचा वाटा फार वाढू द्यायचा नाही, असा दंडक तिथे पडला. जनरल इलेक्ट्रिकनेही एका हाताने कामं बाहेर देत असताना दुसऱ्या हाताने १९९७ मध्ये भारतात स्वतःची सेवाकंपनी काढली. पुढे तिचा मोठा हिस्सा तिने गुंतवणूकदारांना विकला आणि त्या कंपनीचं नाव जेनपॅक्ट झालं.

महाराष्ट्रात तर या सगळ्या पद्धती एकमेकींच्या शेजारी नांदल्या. वाट्याची शेती पाहायची, तर महिंद्र-ब्रिटिश टेलिकॉम. १९८६ मध्ये महिंद्र आणि ब्रिटिश टेलिकॉम यांनी ही कंपनी भागीदारीत काढली. लंडनची दूरध्वनी कंपनी इथे गिऱ्हाईकही होती आणि मालकही. दर घासून घासून कमी करावा, तर आपल्याच नफ्याला कात्री लागते. जास्त द्यावा, तर आपलाच खर्च वाढतो. अशा नात्यात गिऱ्हाईक सहजी सोडून जात नाही, हा कंपनीचा फायदा. दूरसंचाराच्या कामात ती मुरली, पण त्या एका क्षेत्रावरचं तिचं अवलंबित्वही मोठं राहिलं. २००६ मध्ये तिचं नाव टेक महिंद्र झालं आणि डिसेंबर २०१२ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमने उरलेले शेअर विकून भागीदारी संपवली.

पुण्याच्या केपीआयटीची कथा उलट बाजूने जाते. किर्तने आणि पंडित या पुण्याच्या सनदी लेखापालांच्या पेढीतून १९९० मध्ये किर्तने-पंडित इन्फोसिस्टिम्स निघाली. वहीखात्यांची माणसं संगणकाकडे वळणं तेव्हा नवलाचं नव्हतं, कारण संगणकाचं पहिलं काम हिशेबाचंच होतं. त्याच गावात कमिन्स कंपनी डिझेल इंजिनं बनवत होती आणि तिची कमिन्स इन्फोटेक नावाची सॉफ्टवेअर शाखा होती. २००२ मध्ये कमिन्सने ही घरची शाखा केपीआयटीत विलीन केली. नव्या कंपनीचं नाव केपीआयटी कमिन्स झालं. घरच्या गड्यांना कंत्राटदाराकडे धाडून कमिन्स त्याच कंत्राटदाराची भागीदार झाली. वाहन उद्योगाचं सॉफ्टवेअर ही केपीआयटीची पुढची सगळी वाटचाल, आणि तिच्या मुळाशी इंजिनाच्या कारखान्याचं हे नातं आहे.

तिसरी तऱ्हा पर्सिस्टंटची. अमेरिकेत डेटाबेसमध्ये डॉक्टरेट करून एचपीच्या प्रयोगशाळेत काम केलेले आनंद देशपांडे पुण्याला परतले आणि १९९० मध्ये त्यांनी ही कंपनी काढली. त्यांचं गिऱ्हाईक बँक किंवा विमान कंपनी नव्हतं. सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या कंपन्याच त्यांच्या दारी येत. स्वयंपाकघर हाच ज्यांचा धंदा, त्यांनीही एखादी भाजी शेजारणीकडून करून घ्यावी, असा हा प्रकार. कोणतं काम हा आपला गाभा आणि कोणतं बाहेर देण्याजोगं, ही कोडॅकने आखलेली रेघ इथे पुसट झाली, कारण या कंपन्यांचा गाभाच बाहेर जात होता.

मग आलं २००० साल. जुन्या कार्यक्रमांमध्ये जागा वाचवण्यासाठी सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले असत. शतक पालटताना '००' म्हणजे १९०० की २०००, हा घोळ होणार होता. कोट्यवधी ओळी तपासायच्या होत्या, तारीख ठरलेली होती आणि ती पुढे ढकलता येत नव्हती. हे कार्यक्रम ज्या जुन्या भाषेत होते ती कोबॉल जाणणारे प्रोग्रामर अमेरिकेत पुरेसे नव्हते. पुण्यामुंबईत वर्षं-दोन वर्षांचे कोर्स करून मुलं कोबॉल शिकली आणि कामाला लागली. अमेरिकेने एच-१बी व्हिसांची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून आधी १,१५,००० आणि मग १,९५,००० वर नेली. काम तसं कंटाळवाणं, कोणत्याही कंपनीने आनंदाने घरात ठेवावं असं नव्हे. पण त्या निमित्ताने अमेरिकेतल्या शेकडो कंपन्यांनी आपल्या जुन्या प्रणालींची दारं पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाला उघडली. खूप आत शिरलेला माणूस मग सहजी बाहेर काढता येत नाही. घराची वायरिंग ज्याने केली, त्यालाच दुरुस्तीसाठी बोलवावं लागतं.

इथून उक्त्या कामांचा जोर वाढला. ठरलेल्या रकमेत काम संपवायचं, तर अंदाज चुकता कामा नये. म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संस्थेने ठरवलेल्या पाच पायऱ्यांच्या प्रमाणपत्रामागे भारतीय कंपन्या लागल्या. मोटोरोलाच्या बंगळूर केंद्राने पाचवी, म्हणजे सर्वांत वरची, पायरी १९९३ मध्येच गाठली होती. प्रत्येक चूक नोंदवायची, प्रत्येक तास मोजायचा, प्रत्येक निर्णयाचा कागद ठेवायचा. पटणींच्या दोन खोल्यांमधल्या प्रश्नाला दिलेलं हे सरकारी थाटाचं उत्तर होतं. गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर नसल्याने इथे कागदाला फार महत्त्व आलं.

पुण्याच्या पश्चिमेला हिंजवडी याच काळात बदलली. या भागात साखर कारखान्याच्या भूमिपूजनाला गेलो असता, कारखाना दुसरीकडे न्या, इथे आयटी पार्क करायचा आहे, असं आपण सांगितलं, अशी आठवण शरद पवारांनी जाहीर भाषणांमधून सांगितली आहे. एमआयडीसीने इथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवला. संध्याकाळी न्यूयॉर्कचं कार्यालय उघडायच्या वेळेला इथे मीटिंगा सुरू होतात आणि ज्यांच्याकडे सध्या प्रोजेक्ट नाही ते 'बेंचवर' असतात. बेंच हा शब्द खेळाच्या मैदानावरून आला, पण त्यावर बसलेल्या माणसाची धास्ती रोजंदारीच्या नाक्यावर उभ्या असलेल्या गवंड्याहून फार वेगळी नसते. दोघांनाही कोणीतरी आज कामाला न्यायला हवं असतं.

आता अमेरिकेतलं अर्धवट सोडलेलं प्रकरण. जनरल मोटर्सने विकत घेतलेली ईडीएस १९९६ मध्ये पुन्हा वेगळी केली. घरची झालेली माणसं परत बाहेरची झाली, काम मात्र तेच राहिलं. २००८ मध्ये एचपीने ईडीएस घेतली. २०१२ मध्ये जनरल मोटर्सचे नवे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख रँडी मॉट यांनी जाहीर केलं, की आपलं जवळजवळ ९० टक्के काम बाहेर होतं, ते तीन वर्षांत उलटं करायचं. त्यासाठी एचपीमधले सुमारे तीन हजार लोक थेट जनरल मोटर्सच्या पगारावर आले.

जे. पी. मॉर्गन चेसने तर एवढाही धीर धरला नाही. डिसेंबर २००२ मध्ये तिने आयबीएमशी सात वर्षांचा, ५०० कोटी डॉलरचा करार केला आणि आपली माणसं तिकडे पाठवली. मग बँक वन तिच्यात विलीन झाली. बँक वनला संगणकाचं काम घरात ठेवायची सवय होती. २००४ मध्ये करार मोडला आणि सुमारे चार हजार माणसं बँकेच्या पगारावर परतली.

याची तात्त्विक बाजू रोनाल्ड कोस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३७ मध्येच मांडून ठेवली होती. बाजारात सगळंच मिळतं, तर मुळात कंपन्या असतातच कशाला? त्याचं उत्तर असं, की बाजारातून काम करून घेण्यालाही खर्च येतो. माणूस शोधा, दर ठरवा, करार लिहा, लक्ष ठेवा, भांडण झालं तर निस्तरा. हा खर्च घरी काम करण्याच्या खर्चाहून जास्त झाला, की काम घरात येतं. कमी झाला, की बाहेर जातं. उपग्रहाच्या तबकडीने तो कमी केला, प्रमाणपत्रांनी आणखी कमी केला. उलट डेटा चोरीला जाण्याची भीती, नियामकांचा बडगा आणि रोज बदलणाऱ्या मागण्या तो वाढवतात. मोबाइलवरचं ॲप हाच बँकेचा काउंटर झाल्यावर ते बनवणारा माणूस दुसऱ्याच्या पगारावर असणं अनेक बँकांना नकोसं झालं.

त्यामुळे गेल्या पंधरा वर्षांत लंबक पुन्हा घराकडे आला आहे, फक्त घर आता भारतात आहे. स्विस बँक यूबीएसने हैदराबादचं आपलं सेवाकेंद्र २००९ मध्ये कॉग्निझंटला विकलं आणि काही वर्षांनी पुण्यात स्वतःची नवी केंद्रं उभी केली. अशा केंद्रांना 'कॅप्टिव्ह' म्हणणं मागे पडून 'ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटर' हे भारदस्त नाव आलं. नॅसकॉम आणि झिनोव्ह यांच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये भारतात अशी १,७०० हून अधिक केंद्रं होती, त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते आणि त्यांचं उत्पन्न ६,४६० कोटी डॉलरच्या घरात होतं. अनेकदा या केंद्रांमध्ये जाणारा इंजिनियर आधी कंत्राटदार कंपनीतून त्याच परदेशी बँकेचं काम करत असतो. गळ्यातलं ओळखपत्र बदलतं, समोरचा कोड तोच असतो.

सीप्झमध्ये सीओएसएल काढणाऱ्या सिटीबँकेकडे परत यायला हवं, कारण हा सगळा फेरा एकट्या तिने पूर्ण केला आहे. १९९२ मध्ये सीओएसएलमधून सीआयटीआयएल ही वेगळी कंपनी निघाली. तिने बँकेच्या बाहेरही माल विकायचा, असं ठरलं. राजेश हुक्कू तिचे प्रमुख. तिचं मायक्रोबँकर हे सॉफ्टवेअर आफ्रिकेतल्या आणि इतर विकसनशील देशांतल्या बँकांनी घेतलं. मग फ्लेक्सक्यूब आलं. कंपनीचं नाव आय-फ्लेक्स झालं. २००५ मध्ये ओरॅकलने सिटीकडचा तिचा हिस्सा सुमारे ५९ कोटी डॉलरला घेतला. मूळ सीओएसएलचं नाव ऑर्बिटेक झालं होतं. २००२ मध्ये चेन्नईच्या पोलारिसमध्ये तिचं विलीनीकरण ठरलं. जागतिक मंदीत पैशांची निकड आली, तेव्हा २००८ मध्ये सिटीने भारतातली आपली सेवाकंपनी टीसीएसला ५०.५ कोटी डॉलरला विकली आणि सोबत साडेनऊ वर्षांचं, २५० कोटी डॉलरचं काम दिलं. त्याच वर्षअखेरीस मुंबई आणि चेन्नईतून चालणारी तंत्रज्ञान शाखा १२.७ कोटी डॉलरला विप्रोकडे देण्याचा सौदा ठरला. घरचं म्हणून उभं केलेलं जवळजवळ सगळं विकून झालं होतं.

पुढच्या वर्षांत सिटीने पुण्यात आणि चेन्नईत स्वतःची केंद्रं पुन्हा वाढवली. २०२४ मध्ये डेटाच्या व्यवस्थेतल्या त्रुटी वेळेत दूर न केल्याबद्दल अमेरिकी नियामकांनी तिला १३.६ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. मार्च २०२५ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली, की बँक आपल्या तंत्रज्ञान विभागातल्या बाहेरच्या कंत्राटी माणसांचं प्रमाण ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणणार आहे आणि त्या जागी स्वतःचे कर्मचारी नेमणार आहे.